कर्जाचे कारण

अर्जातल्या नवव्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं:
म्हातारपण.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
सव्वीस वर्षं या खुर्चीत
लग्न वाचलं, दवाखाना वाचला,
म्हैस, टेम्पो, ॲडमिशन, बाराव्याचं जेवण.
हे नव्हतं वाचलं.

शीतल मगदूम, वय तेवीस,
कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर.
बोटांना कूलंटचा वास.
जामीनदार दोन: एक मामा, एक शिफ्टमधला.

"दोन लाख घेतो तेरा टक्क्यानं, फंडात टाकतो.
पाच वर्षं हप्ता फेडतो.
मग साठीपर्यंत हात लावत न्हाई."
भरणा स्लिपच्या पाठीवर त्यानं आकडा काढला,
शेवटची शून्यं कडेबाहेर, माझ्या टेबलावर.

"वडील एसटीत होते, मॅडम. पेन्शन किती येती सांगू?"
सांगू नकोस, म्हटलं.
बावीस महिन्यांनी मलाही कळणारच आहे.

"आणि बाजार पडला तर?"
हसला.
"आयर्विनला पाणी सत्तावन फुटांवर गेलतं.
उतरलंच की न्हाई?"

उतरलं.
तळमजल्यावरची लेजरं आम्ही
गच्चीवर पापडासारखी वाळत घातली होती.
शाई उतरली होती पानापानावरची,
कर्ज कुणाचंच उतरलं नव्हतं.
ते कपाट उघडलं की अजून गाळाचा वास येतो.

हे सांगायचं होतं त्याला,
पण मागं रांग होती,
आणि त्याच्या वयात मी
भिशीच्या पैशातून पाटल्या केल्या होत्या,
ज्या याच संस्थेत तारण पडल्या,
सुटल्या, पुन्हा पडल्या.

"असलं कारण कमिटी घेत नाही," एवढंच म्हटलं.
खोडून वर लिहिलं: घरदुरुस्ती.
"कुठलं घर?" त्यानं विचारलं.
"सही कर."

मार्चमध्ये बाजार कोसळला.
सात तारखेला तो आला, नेहमीसारखा,
हप्ता मोजून, रबर लावून.
पासबुक प्रिंटरमध्ये अडकलं
म्हणून दोघांनाही थांबावं लागलं.

"किती राहिलेत रे फंडात?"
"त्याला सांगू नका, मॅडम."
"कुणाला?"
"साठीतल्याला. त्यो समजतोय,
मी हिकडं सगळं नीट करतोय."

प्रिंटरनं पासबुक सोडलं.
शिल्लक बाकीची ओळ फिकट उठली होती.
मी पेनानं गिरवून दिली.