शेंडा

हॅलिफॅक्सच्या चढावरली शाळा.
वर्गाबाहेरच्या बोळात, कोटांच्या खुंट्यांखाली
एक बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या.
तिथे बसून मी शब्दांचे शेंडे शिकवते,
आठवड्याला चार सकाळी, तासाच्या पगारावर.
शेंडे माझं आडनावच आहे.
मुलं म्हणतात, मिस शेंडी.
मला हसू का येतं ते त्यांना कसं सांगू.

लॅम्प. बेल्ट. नेस्ट. मिल्क.
शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं,
एका छत्रीत दोघं चालावीत तशी,
आणि त्यातलं एक हटकून बाहेर राहतं:
लॅम्पचा लॅप, मिल्कचं मिक,
बेल्टचं बेट, चारी बाजूंनी पाणी.
सहा वर्षांची मुलं, पुढचे दात पडलेले.
नेस्टमधला स त्या फटीतून
शीळ घालत निघून जातो.

माझीही एक खोड आहे.
शेवटच्या अक्षराला मी बारीकसा अ लावते, नकळत,
रक्त, मस्त, गच्च म्हणताना लागतो तसा.
आमच्या जोडाक्षरांना टेकायला काहीतरी लागतं.
मिस हॉलरॉइड पहिल्याच आठवड्यात हळूच म्हणाली,
डेस्क म्हणा, डेस्कऽ नको, ते शेपूट कापा.
रात्री भांडी घासताना कापत होते:
डेस्क. मास्क. टेंट. टेंट.
नवरा आतून म्हणाला, कोणाशी भांडतेस?

सोमवारी सगळ्यांना एक ओळ लिहायची असते,
सुट्टीत काय झालं.
ब्रोडीने लिहिलं, पेन्सिल अशी दाबून
की मागच्या पानावर उमटली:
मम वेट.
आई भिजली.
इथे शनिवारी पाऊस असतोच.
मी म्हटलं, अरेरे, छत्री नव्हती का?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की सहा वर्षांची मीच.

मग कळलं. एक न राहिला होता.
आमच्याकडे तरी तो कुठे रांगेत उभा राहतो,
ठिपका होऊन शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतो,
एवढासा, पाटीवर बाही घासली तरी जायचा.

नाक दाबलं की तोंड उघडतं, माझी आत्या म्हणायची,
वेगळ्या कारणाने.
मी त्याला म्हटलं, नाक धर, आता म्हण.
चिमटीत नाक: वेड्ट. वेड्ड्ट.
हसला. मीही माझं धरलं.
दोघं बोळात नाकं धरून,
पीटीला निघालेली रांग थांबून बघायला लागली.
सोड. परत म्हण. गुणगुणलं कुठे?
इथे, म्हणाला, आणि बोट
नाकाच्या शेंड्यावर ठेवलं.

खोडरबर न घेता
दोन अक्षरांमधल्या फटीत
त्याने तो न कोंबला, अंग चोरून उभा असलेला.
बोट ठेवून वाचलं, तुटक तुटक, मग जोडून:
मम वेंट.
शेपूट नाही, काही नाही. कोरडा, स्वच्छ टी.

इथे शाबास म्हणायचं असतं.
स्टिकर असतो, चांदीचा तारा.
मी तो सोलून बोटावर घेऊन बसले.
भिजली होती तोवर
ती आत येऊ शकत होती,
टॉवेल, किटली, रेडिएटरवर मोजे.

कुठे लावू? विचारलं.
त्याने त्या न वर बोट ठेवलं.
तो झाकला जाईल ना रे, म्हटलं.
जरा वेळ तसाच बसला.
मग जम्पर पुढे ओढून धरला, इथे.
आणि पुढचं कार्ड स्वतःच उलटलं:
पॉन्ड.
बदकाचं चित्र.