डावीकडची सीट

अकरा वर्षं मी तिच्या डाव्या हाताला बसले
आणि एकही घाट पाहिला नाही.
पाहिलं ते माझंच अक्षर,
शंभर पानी वही मांडीवर,
हेल्मेटच्या आत माझाच आवाज:
ऐंशी मीटर. उजवं तीन, पुढे आवळतं.
टेकाडावर सरळ. विश्वास ठेव.

'विश्वास ठेव'साठी वहीत
नुसतं उद्गारचिन्ह असायचं. जागा वाचते.

हर्षलता धकाते. पेपरवाले कधी हर्षदा छापत,
कधी ढकाते. एकदा तर
'दोन लेकरांची आई सुसाट!'
पोरगी एकच होती.

पहिली गाडी वाडीच्या भंगारातून आली,
नंबरप्लेट भंडाऱ्याची,
सीटखाली तेंदूपानांचा चुरा.
आतला पिंजरा तिच्या बाबांनी वेल्ड केला
हिंगण्याच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
साहेब चहाला गेला की एक सांधा.
साहेबाला चहा फार लागायचा, म्हणून झाला.

सराव पाचगावच्या बंद खदानीत.
मे महिन्यात बॉनेटवर हात ठेवला
तर तळवा तिथंच राहायचा.

पुरुषांना चेक मिळे. आम्हाला मिक्सर,
तोही दोघींत एक.
पाचपावलीत तिच्या आईच्या ओट्यावर
अजून त्यात ठेचा वाटतात.
बुडाशी पट्टी आहे: महिला गट, प्रथम.
त्या वर्षी सगळ्यांत मिळून आम्ही चौथ्या होतो.
ते कुठं चिकटवलेलं नाही.

मग ते पान.
घामानं दोन पानं चिकटली,
मी एक वळण गाळलं. उजवं दोन. एवढंच.
किती कोलांट्या, ते लोक निरनिराळं सांगतात.
मला आठवतं, उलटं लटकताना
तिनं आधी इंजिन बंद केलं,
मग म्हणाली, "पेन हाय का तुयाजवळ?
लिहून घे. पुढच्या साली लागन."

पुढचं साल आलं नाही.
तिच्या मनगटात दोन स्क्रू आले.
चौकशीत तिनं सांगितलं, ब्रेक लागला नाही.
ब्रेक बाबांनी बसवले होते,
स्वतःच्या हातानं, दोनदा तपासून.
ते माझ्याकडं बघत होते.
काही बोलले नाहीत. आता तर नाहीतच.

मानेवाड्याला तिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे.
रिटायर झालेल्या नर्सा येतात, नव्या सुना,
एक पोस्टातली बाई, जी गिअरला नमस्कार करते.
ती त्यांच्या डावीकडं बसते,
तिच्या पायाशी जादाचा ब्रेक.

परवा मी गेले. वय सत्तेचाळीस, लायसन नाही.
"तिकडून बस," म्हणाली.
एवढी मोठी काच! समोर एवढं असतं?

रिंगरोडवर, भर चौकात गाडी बंद पडली.
मागं कोळशाचा ट्रक, त्याचा भोंगा पाठीत.
"वाच ना वं काही," मी ओरडले.
डावीकडं पाहिलं.
ती खिडकीतून भुईमुगाच्या शेंगा घेत होती,
सुट्ट्या पैशांवरून घासाघीस करत,
सीटवर
दोन्ही पायांची मांडी घालून.