सदतीस टक्के ओल

भिंतीला कान असतात म्हणतात.
मी तिच्या अंगात दोन सुया टोचतो
आणि यंत्रावर आकडा उमटायची वाट बघतो.
रोटरडॅममध्ये, गृहसंस्थेच्या पगारावर, अकरा वर्षं.

हेन्नी ओस्टरहॉफ, वय एकाहत्तर, चौथा मजला, डावीकडचं दार.
झोपायच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला
छतापासून कपाटाच्या खांद्यापर्यंत काळी बुरशी.
सदतीस टक्के.
मी विचारलं, खिडकी उघडता ना?
तिनं खिडकीकडे पाहिलं, मग माझ्या कोटाकडे.
आत येऊनही मी तो काढला नव्हता.

आमच्या अहवालात एक छापील वाक्य असतं:
'ओलाव्याचं कारण भाडेकरूची राहणी.'
म्हणजे तुम्ही बटाटे उकडता, अंघोळ करता,
घरात कपडे वाळत घालता
आणि रात्रभर श्वास घेता.
श्वासाबद्दल अजून कुणाला नोटीस गेलेली नाही.
हे वाक्य मी किती घरांना दिलं, मोजलं नाही.
माझ्याकडचं यंत्र फक्त भिंतींसाठी आहे.

निघताना तिनं दुसरं पत्र पुढे केलं.
आमच्याच संस्थेचं, उपद्रव विभागाचं.
पहाटे तीनला पाइपावर ठोकण्याचे आवाज,
थांबले नाहीत तर घर खाली करण्याचा दावा.
सोबत खालच्या रहिवाशाच्या, अर्मिन्दु तावारेसच्या,
सहा आठवड्यांच्या नोंदी. अक्षर नेटकं, बोटीवरच्या रोजनिशीसारखं:
'३.०४, नऊ ठोके. ३.१०, चार ठोके. वारा नैर्ऋत्येचा.'

"ठोकता?"
"ठोकते," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून
लाकडी डाव घेऊन आली, एका बाजूनं झिजलेला.
रेडिएटर चौदा महिने थंड.
फोन झाले, अर्ज झाले,
एक पोरगा आला, पान्हा आणायला गेला, तो गेलाच.
पण पाइपाला बरोबर इथे, या सांध्याखाली मारलं
की आत घशात अडकलेलं काहीतरी सुटतं
आणि तासभर ऊब येते.

दुरुस्तीची फाइल आमच्या दुसऱ्या मजल्यावर,
उपद्रवाची पाचव्या.
मधे लिफ्ट आहे. चालू असते.

खोटं कशाला सांगू,
त्या दिवशीही मी तेच छापील वाक्य ठेवलं.
पाइप माझ्या रकान्यात बसत नव्हता.

हेन्नीबाईंनी कानाला खडा लावला.
डाव खणात गेला.

जानेवारीत तंटा समितीपुढे सुनावणी.
तावारेस आमच्या बाजूचा साक्षीदार,
इस्त्रीचा शर्ट, वर दोन स्वेटर.
आवाज थांबला का, अध्यक्षांनी विचारलं.
थांबला.
मग तक्रार मिटली?
"नाही. माझं घर गार पडलंय."
त्यानं वही उघडली. गेल्या एकोणीस रात्रींपुढे एकच शब्द: शांत.
"एकतीस वर्षं इंजिनखोलीत काढली मी," तो म्हणाला,
"पाइप एकच आहे वरून खाली.
मला तरी ऐकू यायला हवं होतं."
हेन्नीबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या.
सहा आठवडे कुणी तुमचे ठोके मोजले असतील
तर इतक्या लवकर बघवत नाही.

मग माझा अहवाल वाचला गेला.
स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना
मला पहिल्यांदा त्याचा वास आला,
कपाटामागचा, ओल्या पुठ्ठ्याचा.
"राहणी म्हणजे नेमकं काय?"
अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं.
मी म्हणालो, "बाईंचा श्वास."
कुणी हसलं नाही.

निकाल अजून यायचाय.
तोवर, ऐकतो ते असं, की पहाटे तीनला
तावारेस पान्हा घेऊन एक मजला चढतो,
हेन्नीबाई दार उघडतात, एक शब्द न बोलता,
आणि बोटानं जागा दाखवतात.
वहीत त्यानं नवी नोंद केली आहे:
'३.०४, नऊ ठोके. दोन्ही घरं.'

ती प्रतही त्यानं आमच्याकडे रीतसर पाठवली.
खालच्या टेबलावरची मुलगी ती हातात धरून
मला विचारत होती,
ही कुठल्या मजल्यावर पाठवू?