ओलं वजन

मला बोलावलं ते झाड ओळखायला.
पद कृषी सहायक, मोटारसायकल स्वतःची.
फौजदार म्हणाले, हा म्हणतोय अंबाडी आहे,
तुम्ही सांगा.

अक्कलकोटच्या पुढं, बोरीच्या काठाला,
जिथं दोन राज्यांच्या एस.ट्या एकाच लिंबाखाली थांबतात
आणि कन्नडमधली शिवी कुणी मनावर घेत नाही,
तिथं तुरीच्या ओळींआड
तेरा झाडं उभी होती, तुरीपेक्षा वीतभर बुटकी,
मुद्दाम खुडून बुटकी ठेवलेली.

अंबाडीच्या पानालाही असाच पंजा असतो, हे खरं.
पण अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात,
फूल फिकं पिवळं, घशात जांभळं,
आणि पान आंबट.
मी एक पान चुरगळलं.
तो वास तीन दिवस
माझ्या भाकरीला येत राहिला.

ज्या मुलखात छत्री उन्हासाठी विकत घेतात
तिथं त्या वर्षी आश्विनभर सूर्य नव्हता.
एकवीस दिवस झिमझिम.
उडीद शेंगेतच काळा पडला,
बाजरीला कणसावर कोंब आले,
आणि माणसं दुपारी स्वेटर घालून
एकमेकांकडं ओशाळून बघत.

गुरसिद्ध कोळ्ळे. द्राक्षबागेचा राखणदार.
बी आणलं भाच्यानं, ट्रकवरच्या,
वर कुठून तरी, बर्फाच्या पायथ्यावरून.
'थंडीतलं बी आहे मामा, पावसाला भीत नाही.'
कशासाठी लावलं, हे विचारलं तेव्हा
त्यानं दुसरं काही सांगितलं नाही.
पैशासाठी, म्हणाला.

बागेतलं जुनं प्लास्टिक त्यानं बांबूवर ताणलं होतं.
पहाटे उठून एकेक फांदी झटकायचा,
लेकराचं डोकं पुसावं तशी.
'न्हाई झटकलं तर पाणी बसतंय की ओ आत.'
तरी बसलं होतं.
सगळ्यात भरलेल्या बोंडाच्या पोटात मला दिसली
राखेच्या रंगाची बुरशी,
घडात मणी फुटला की येते, तीच.
पंधरा वर्षं जे बोलत आलो
ते सवयीनं ओठावर आलं:
हवा खेळती ठेवा, रोगट भाग काढून जाळा,
ढगाळ हवेत...
फौजदार माझ्याकडं बघत होते.
मी खोकलो.

किराणा दुकानातला ताणकाटा आणला.
मुळासकट, चिखलासकट, पावसासकट
मोळी आकड्याला लटकली.
चोवीस किलो सहाशे.
विसाच्या वर गेलं की शिक्षा वेगळी,
हे तिथं बायकांनाही माहीत होतं.
मी म्हणालो, साहेब, ओलं आहे.
वाळलं तर पाच किलोही...
'मग काय पंख्याखाली धरू?'
पंचनाम्यात पावसाला रकाना नसतो.

मोळी गोणपाटात घालायच्या आधी
गुरसिद्धनं ती उचलून
दोनदा झटकली.
कुणाला फसवायला नव्हे, मला वाटतं.
हाताला ठाऊक होतं तेवढंच.
थेंब उडाले, हवालदाराच्या चष्म्यावरही.
हवालदारानं मनगटावर फटका मारला:
पुरावा सांडतोस का रे?

मी सही केली.
कागद दमट होता, शाई पसरली,
आडनावाच्या जागी एक निळं डबकं.

समन्स अजून आलेलं नाही.
गोणपाट कुठल्या तरी खोलीत आहे,
एव्हाना भुगा झाला असेल,
उंदरांनी खाल्ला असेल काय कोण जाणे.
आलं तर विचारतील, हेच का ते?
तेव्हा काय सांगायचं
हे मी बायकोवर दोनदा करून पाहिलंय.
ती म्हणते, एवढं काय त्यात,
झाड ओळखायलाच बोलावलं होतं ना तुम्हाला.