एकोणीस सेकंदांचं वाक्य

परिपत्रक मी लिहिलं होतं.
कलम सात, उपकलम तीन:
"प्रतिकूल वातावरणीय परिस्थितीत श्राव्य इशाऱ्याच्या
परिणामकारकतेत घट संभवते ही बाब विचारात घेऊन
संबंधितांनी यथोचित दक्षता बाळगण्याची तजवीज करावी."
तजवीज हा शब्द मला आवडला होता.

एकतीस जणांनी सही केली.
एकतीस सह्या म्हणजे एकतीस जणांना कळलं,
असं आमच्या कार्यालयात धरून चालतात.

मग फेब्रुवारीत, अबेरवेनच्या खाडीपाशी,
सकाळच्या गाडीनं गेथिनच्या हातातलं फावडं नेलं.
फक्त फावडं.
दोनशे यार्डांवर सापडलं, दांड्याशिवाय.
गेथिन त्या दिवशी घरी जाऊन
कोंबड्यांना दाणे घालत राहिला, अंधार पडेपर्यंत,
असं त्याची बायको सांगते.

चौकशीत मला विचारलं, सूचना दिली होती का?
मी फाइल उघडून त्याची सही दाखवली.
माझी बाजू तेवढ्यात पूर्ण झाली.
चारच्या बसनं परत आलो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या चहाच्या खोलीत गेलो.
माझं परिपत्रक भिंतीवर होतं,
त्यावर तळलेल्या माशांच्या दुकानाचा दरफलक,
त्यावर कुणाचा तरी हरवलेला कुत्रा.
डावा कान फाटका. हाक मारली तर येत नाही.
बिस्किट दाखवा.
हे सगळ्यांना पाठ होतं.

एलुनेड, टोळीची मुकादम, म्हणाली,
"तुझं ते उपकलम वाच बघू. मोठ्यानं."
आणि मनगटावरचं घड्याळ पुढं धरलं.
मी वाचलं. 'विचारात घेऊन'पाशी दम घेतला.
"एकोणीस सेकंद," ती म्हणाली.
"वळणावर इंजिन दिसल्यापासून आपल्यापर्यंत
अकरा."
कुणी हसलं नाही. किटली उकळत राहिली.

तेगविन सव्वीस वर्षं पहाऱ्याला उभा राहतोय.
म्हणाला, वारा समुद्राकडून असला की
माझा भोंगा पन्नास पावलांपुढं जात नाही.
मधे दुसरा माणूस लागतो.
हे सगळ्यांना ठाऊक आहे?
"इथल्या बगळ्यांनासुद्धा."
मग आधी का नाही सांगितलं?

त्यानं कपाटातून वही काढली.
तीन हिवाळे, तीन अहवाल, कार्बनच्या प्रती.
प्रति, सुरक्षा कार्यालय. म्हणजे मी.
माझ्या टेबलावर ते आले असणार.
मी कशाच्या तरी खाली ठेवले असणार.
माशांच्या दरफलकाखाली नाही, एवढंच.

नवी सूचना तिथंच लिहिली, त्यांच्याच तोंडची:
वारा समुद्राकडून असेल तर भोंगा ऐकू येत नाही.
मधे दुसरा माणूस उभा करा.
माणूस नसेल तर रुळावर उतरू नका.
झ्बिग्नेवनं ती पोलिशमध्ये पुटपुटून पाहिली,
'मधे' म्हणजे नेमकं कुठं, असं विचारलं,
आणि मला बाहेर नेलं, कुंपणाच्या मोडक्या खांबापर्यंत.
तेही घातलं. मोडक्या खांबापाशी.

सह्यांचा कागद मी सवयीनं पुढं केला.
तेगविननं पेन घेतलं आणि थांबला.
"आमचं तू वाचलंस,
त्याची सही कुठं असते?"

फॉर्मवर तशी जागा नव्हती.
समासात केली, तिन्ही प्रतींवर, आजची तारीख घालून.
तारीख बघून एलुनेड काही बोलली नाही.
खिडकीची काच थरथरत होती. वारा समुद्राकडून.