घडी

बाबगोंडा आण्णा म्हणाले, लिव.
मी वही उघडली. सावळजच्या शेडमध्ये
जाळ्यांवर द्राक्षं सुकत होती, डिपिंग तेलाचा वास,
आणि आण्णा पोत्यावर ताठ बसलेले,
जणू आत्ता हजेरी होणार.

स्क्वॉड्रनचा नंबर विचारला.
"त्यो न्हाई सांगायचा."
तळ कुठला?
"पश्चिमेला."
एवढ्यावर इतिहास कसा लिहायचा, आण्णा?
"तुला मास्तर केला कुणी?"

मग सांगत गेले.
आधी व्हॅम्पायर, अंगात लाकूड असलेलं.
मग हंटर, त्यो देखणा.
मग मिग, उतरताना विटेसारखा,
त्याच्या पुस्तकातली रशियन अक्षरं
आरशात बघितल्यागत उलटी.
आणि तळ म्हणजे काय तर
पहाटे धावपट्टीवरचे मोर हुसकायला फटाके घेतलेला एक,
हवामानाचा फुगा सोडणारा एक,
इंधनाची गाडी, चहाचं पातेलं,
रनवेवरचे खडे वेचत ओळीनं चालणारी पोरं.
"एक उडतो. दोनशे माना वर करून थांबतात."

आणि तुम्ही?
"मी खाली बघायचो. छत्र्या घडी करायचो."

लांबच लांब टेबल. नखं कापलेली, अंगठी काढलेली.
दोऱ्या मोजायच्या, मोजल्या की परत मोजायच्या.
घामाचा थेंब पडला, तर पहिल्यापासून.
रजिस्टरात तारीख, सही.
ठरलेले दिवस भरले की तीच छत्री,
कुणी न वापरलेली, सोडायची,
उंच खोलीत टांगायची, वारा द्यायचा,
पुन्हा घडी.
"पैठणी न्हाई का मोडून ठेवत? तशीच राहिली तर
घडीवरच फाटती."

वीस वर्षं. किती घड्या झाल्या असतील?
आण्णा जाळीवरचा एक मणी उचलून
बोटांत दाबत राहिले.
"उघडली एकच."

एकाहत्तरचा डिसेंबर. कुट्टप्पा नावाचा पोरगा,
पायात वाळू, हातात पेढ्यांचा पुडा,
लंगडत पॅकिंग रूमच्या दारात आला,
ही सही कुणाची, म्हणाला.
"त्यो माझ्या तोंडाकडं बघत हुता.
मी त्याच्या खांद्यांकडं. पट्ट्यांचे वळ उठले हुते.
दोन्हीकडं सारखे."
थोडं थांबून,
"म्हंजे घडी बरोबर."

युनिटच्या डायरीत त्या दिवसाची एक ओळ:
विमान गेलं, वैमानिक सुखरूप.
पेढे न्हाईत, वळ न्हाईत.
त्याच आठवड्यात दोघं परतलेच नाहीत.
छत्र्या उघडल्याच नव्हत्या म्हणे, वेळच मिळाली नाही.
"रजिस्टरात माझी सही हाय. पुढचा रकाना कोरा."
हे लिहू का, विचारलं.
ते शेडच्या पत्र्याकडं बघत राहिले. मी लिहिलं.

गेल्या साली एका जुन्या सोबत्याचा फोन आला:
आपली स्क्वॉड्रन नंबरप्लेट झाली.
शेवटचं मिग उतरलं, झेंडा गुंडाळला,
माणसं इकडंतिकडं वाटून दिली.
मी वहीत लिहिलं, बंद पडली.
"खोड ते. बंद न्हाई.
नंबर कपाटात ठेवत्यात.
नवं इमान आलं की त्याच नंबरानं उभी करत्यात."
कधी येईल?
"ते मला काय ठावं? आपलं काम ठेवायचं."

तेवढ्यात आदगोंडा, त्यांचा पुतण्या,
मोकळी झालेली हिरवी जाळी
बोळा करून कोपऱ्यात फेकून गेला.
आण्णा उठले. गुडघा धरला, शिवी गिळली,
जाळी फरशीवर अंथरली,
हाताच्या कडेनं सुरकुती सुरकुती सपाट केली,
पट्टीवर पट्टी, कडेला कड.
पुढच्या हंगामापर्यंत तिला कोण हात लावणार?
तरी बोंद्र्यावर खडूनं तारीख घातली, खाली बा. म.

दुसरी जाळी उचलायला मी पुढं झालो.
आण्णांनी माझा हात धरला,
उलटा केला, उजेडात नेला,
नखं बघितली.
"उद्या ये," म्हणाले, "कापून ये."