टिकल्या तांदळात ठेव

पहिलं पिस्तूल मी बेळगावातून आणलं,
कोरं, चकचकीत, वर्षाच्या गॅरंटीसकट.
अठराशे रुपये. बिल शाळेच्या नावावर,
पैसे माझ्या खिशातले,
कारण हेडमास्तर म्हणाले, शिट्टी आहे ना?

तालुक्याच्या स्पर्धा, डिचोलीचं मैदान.
शंभर मीटर, चौदा वर्षांखालच्या मुली.
सावध म्हणालो, हात वर केला, चाप ओढला :
टक्.
नुसतं टक्. पाल चुकचुकावी तसं.
दोघी धावल्या, चौघी थांबल्या,
दोघींना परत बोलावलं.
पुन्हा टक्.
मांडवातून कुणी ओरडलं,
"मास्तर, तोंडानंच ठो म्हणा!"
तिसऱ्या वेळी ते फुटलं, खरंच फुटलं,
आणि पाच जणी सुटल्या.
सुलक्षा मळीक रेषेवरच वाकून राहिली,
बोटं चुन्यात, नजर माझ्याकडे.
आमच्या शाळेची. सगळ्यांत वेगवान पोर.
"मला वाटलं, हेही खोटंच," म्हणाली.

कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं कळवलं :
समुद्रकाठची दमट हवा गॅरंटीत येत नाही.
डिचोलीत कुठला समुद्र!

मग कळलं, हळदोण्याला अवेलिनो सर आहेत,
तीस वर्षं शाळाशाळांच्या शर्यती त्यांनी सोडल्या,
आता सगळं विकून टाकताहेत.
म्हापशाला बस बदलून गेलो.
बाल्कांवात बसले होते,
बनियन, अर्धी चड्डी, गळ्यात अजून स्टॉपवॉच.
पिस्तूल टॉवेलातून काढलं.
रंग उडालेला, मुठीला सायकलच्या ट्यूबचा पट्टा,
चापावर बोटाचा खळगा,
माझ्या बोटाच्या मापाचा नव्हे.
मी नाक मुरडलं. भाव करायचा तर मुरडावंच लागतं.
"कितीला?"
त्यांना ऐकू गेलं नाही.
उजवा कान कधीच गेलेला,
हात वर, कानाशी, तीस वर्षं.
मी बोटांनी विचारलं. त्यांनी बोटांनी सांगितलं : बाराशे.
मी सात दाखवली.
ते घराच्या कौलांकडे बघत राहिले,
मग दोन्ही पंजे उघडले.
"आदीं उडोवन पळय," म्हणाले.

उडवलं.
कुंपणाआडची डुकरं उधळली,
चिकूवरून कावळे उठले,
आतून मेलिता बाई ओरडल्या, "परतून सुरू केलें?"
सर माझ्याकडे पाहतच नव्हते,
नळीच्या टोकाचा धूर पाहत होते.
"वेळ घेणाऱ्याला सांग, आवाजासाठी थांबू नको.
आवाज लंगडा. धूर आधी पोचतो."
आणि अंगठ्यानं त्यांनी गळ्यातलं घड्याळ थांबवलं.
सुरू केव्हा केलं होतं, मला दिसलंही नाही.

हजार मोजून दिले. त्यांनी न मोजता आत पाठवले.
लोणच्याच्या बुयांवातून टिकल्यांची पुडी काढली,
तांदळाचे दाणे चिकटलेली.
"पावसाळ्यात तांदळात ठेव.
तेल नारळाचं नको, शिवणयंत्राचं.
आणि चाप तू ओढतोस. ओढू नको. दाब."
परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर.
शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बांगडे?"
मी म्हटलं, होय.

सोमवारी, प्रार्थनेच्या घंटेआधी,
खाणीच्या लाल धुळीनं माखलेल्या मैदानावर
सुलक्षाला एकटीलाच उभं केलं.
चुना नव्हता, टाचेनं रेघ ओढली.
"जुनंय," मी म्हटलं, "पण बोललं की बोललं."
ती वाकली.
मी हात वर केला, दाबला.
ठो.

ती जागची हलली नाही.
धूर विरेपर्यंत वर बघत राहिली,
मग गुडघ्याची माती झटकून म्हणाली,
"हां. परत एकदा, सर. आता पळते."

टिकल्या हल्ली महाग झाल्यात.
मी दुसरी भरली.